चाव्या अक्काकडे आहेत

गेल्या रविवारी आमच्या क्लबात एक नवा बोलर आला. आयटीतला, गोड बोलणारा. बॅट काढायला कपाटाशी गेला आणि मला म्हणाला, "सर, एवढं सामान आहे आणि कपाटाला कुलूपच नाही?" मी त्याच्यावर खेकसलो. "नाही. आणि लावायचंही नाही. खेळायला आलास ना? मग खेळ." बिचारा बॅट घेऊन निघून गेला. त्याचा काही दोष नव्हता. तुकोजी अण्णा गेल्या उन्हाळ्यात गेले, त्यानं त्यांना पाहिलेलंच नाही.

मी मूळचा सोलापूरचा. होसकोटेच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून बारा वर्षांपूर्वी बेंगळुरात आलो. कंपनीची बस चामराजपेटेतून सुटायची, म्हणून तिथंच अण्णांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. पहिल्याच दिवशी ते जिन्यात उभे राहून म्हणाले, "पाणी सकाळी सहाला येतंय. स्वल्प जपून वापरा." मला हसू आलं. तोंडातून निघून गेलं, "अण्णा, तुमची मराठी मजेशीर आहे हं." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमची मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आली. तुझी आत्ता रेल्वेनं आली. मजेशीर कुणाची?" त्या क्षणापासून मी 'तुम्ही'चा 'तू' झालो तो कायमचा.

त्यांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीचा दफ्तरखाना सांभाळला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या क्लबची सामानाची खोली ताब्यात घेतली. क्लब म्हणजे काय, तर मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक शेड, शेडमध्ये एक खोली, खोलीत एक स्टीलचं कपाट. पण अण्णांनी त्याला चौदा कुलपं केली. खोलीला दोन, कपाटाला एक, कपाटातल्या कप्प्यांना वेगळी, रोलरच्या साखळीला, पाण्याच्या मोटरीला, नेटच्या पेटीला, गेटला. सगळी कुलपं शिवाजीनगरातल्या एकाच दुकानातून, स्वतः पारखून आणलेली. चौदा चाव्या एका लोखंडी कडीत, कडीला काळा गोफ, गोफ पट्ट्याला. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाचा दोरा. निघताना एकेकीला बोट लावून मोजायचे, आणि मोजायचे कन्नडमध्ये. शिव्या मराठीत, देवाशी बोलणं मराठीत, मोजणी मात्र कन्नडमध्ये. "ओंदु, एरडु, मूरु..." चौदा झाले की "सरी", म्हणजे ठीक, म्हणायचे आणि चालू लागायचे. डुप्लिकेट चावी हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "एका कुलपाला दोन चाव्या म्हणजे दोन मालक. आणि दोन मालक म्हणजे एकही नाही," असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांनी अंपायरला कोंडलं होतं. चहाच्या वेळी तो बिचारा खोलीत पँट बदलायला गेला, अण्णांनी बाहेरून सवयीनं कुलूप लावलं आणि मारुतीच्या देवळात निघून गेले. शनिवार होता. आतून तो माणूस दार बडवतोय, दोन्ही टीम बाहेर उभ्या, आणि चावी देवळात प्रदक्षिणा घालतेय. चाळीस मिनिटं मॅच बंद. अण्णा प्रसाद घेऊन सावकाश आले, दार उघडलं, आणि अंपायरलाच झापलं, "आत आहे म्हणून ओरडायचं नाही का आधी?" आम्ही हसून हसून मेलो. कितीतरी वर्षं तो किस्सा सांगत होतो. आता कुणी सांगत नाही.

मग ते मशीन आलं. शहरातल्या एका कंपनीची टीम आमच्या मैदानावर खेळायची, त्यांनी ते भेट दिलं. लाल रंगाची, टिफिनच्या डब्याएवढी पेटी. हृदय बंद पडलं तर विजेचा झटका देऊन चालू करणारी. कंपनीची एक बाई ती घेऊन आली होती. ती स्पष्ट म्हणाली, "हे बाहेर भिंतीवर लावा. सगळ्यांना दिसेल असं. गरज लागली तरच झाकण उघडा. आणि हा हिरवा दिवा लुकलुकतोय ना, तो दर आठवड्याला बघत जा." अण्णांनी मान डोलावली. ती गेल्यावर मला म्हणाले, "बाहेर भिंतीवर? एवढी मोलाची वस्तू? उद्या सकाळी भिंत तेवढी उरेल." त्यांचंही चूक नव्हतं. आमच्या मैदानावरून पाण्याच्या मोटरीचं झाकण, नळाची तोटी, एकदा तर लाकडी बाक सुद्धा गेलं होतं. मशीन कपाटात गेलं. कपाटाची चावी लहान, पितळी, लाल दोऱ्याची.

पण हिरवा दिवा ते दर रविवारी बघायचे. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण अण्णा निष्काळजी होते असं कुणी समजू नये. मॅच सुरू व्हायच्या आधी कपाट उघडायचे, चष्मा वर करून बघायचे, "हिरवा आहे" म्हणायचे, वहीत टीक करायचे आणि पुन्हा कुलूप. दोन वर्षांत एक रविवार चुकला नाही. आणि आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तर काय विचारता! बॅटी, स्टंप, रोलर, माझं स्कोअरबुक, सगळं ओळीनं मांडलेलं, आणि मधोमध ते मशीन. त्याला गंध, कुंकू, झेंडूची माळ. कोहळा फोडून झाला की अण्णा त्या पेटीला हात जोडायचे. मी चेष्टा केली, "अण्णा, याचा देव कोणता?" तर म्हणाले, "जो वेळेला येतो तो."

आता मंजूचं सांगतो. मंजुनाथ, आमचा ओपनर. चोवीस वर्षांचा. शिवाजीनगरात फोन दुरुस्तीच्या दुकानात कामाला. आई सरोजक्का पेटेतच दोन गल्ल्या सोडून राहते, ब्लाऊज शिवते. वडील नाहीत. आपल्यातलेच ते, अण्णांच्या लांबच्या नात्यातले. अण्णा वयानं तिच्यापेक्षा केवढे मोठे, पण तिला अक्काच म्हणायचे, आणि ती त्यांना अण्णा.

जून महिन्यातला रविवार. सकाळचे साडेनऊ. आमच्यातच दोन टीम करून खेळत होतो. बोलर काही फास्ट नव्हता, आमचाच एक मध्यम गतीचा, पोट सुटलेला माणूस. बॉल जरा आखूड पडला, उसळला, मंजूच्या बॅटीवरून जाऊन छातीवर डाव्या बाजूला लागला. असे बॉल आम्ही सगळ्यांनी खाल्लेत. आवाजसुद्धा मोठा आला नाही. मंजूनं हात वर करून "काही नाही, काही नाही" असं केलं. वाकून बॉल उचलला आणि बोलरकडे टाकला. मंजू तसाच होता, दुसऱ्या टीमच्या माणसालाही बॉल उचलून द्यायचा. मग दोन पावलं मागे गेला, आणि पडला.

आम्ही धावलो. तो तडफडत होता, हातपाय झटके देत होते, डोळे वर गेलेले. आणि कुणीतरी ओरडलं, "फिट आलीय! लोखंड द्या हातात!"

ते मी ओरडलो. आमच्याकडे गावात फिट आली की हातात लोखंड देतात, कांदा हुंगवतात. शंभरदा बघितलेलं. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

अण्णांनी पट्ट्याचा गोफ तोडला आणि चाव्यांचा जुडगा मंजूच्या मुठीत दिला. मूठ दाबून धरली. कुणी तळपाय घासले, कुणी तोंडावर पाणी मारलं. हळूहळू झटके थांबले. आम्हाला वाटलं, चला, फिट उतरली. मी "उतरली, उतरली" म्हणालोसुद्धा. मग त्याचं तोंड निळं दिसायला लागलं. आम्ही त्याला उचलून ऑटोत घातलं. मूठ तशीच बंद होती. ऑटो गेटबाहेर गेली आणि अण्णा तिथंच उभे राहिले. त्यांचा हात कमरेला गेला. मग त्यांनी खोलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या ऑटोनं आम्ही दोघं हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. छातीला मार नाही, हाड मोडलेलं नाही, हृदयात दोष नाही. दोन ठोक्यांच्या मधे एक अगदी बारीकसा क्षण असतो. नेमक्या त्या क्षणी छातीवर तडाखा बसला की हृदयाची लय जाते. ते थरथरत राहतं, रक्त ढकलत नाही. झटके येतात ते त्यामुळे, फिट नसते ती. त्या वेळी छाती दाबत राहायची आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत विजेचा झटका मिळाला तर माणूस उठून बसू शकतो. एवढं सांगून त्यानं अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "पण ते मशीन आपल्याकडे मैदानांवर कुठं असतं? तुमचा काही दोष नाही." अण्णा त्याला "थँक्यू" म्हणाले. मी ऐकलंय ते. मला त्या दिवशी रडू आलं नाही, नंतरही आलं नाही. आतून काही हललंच नाही. आजही ते आठवलं की मला त्या कॉरिडॉरमधल्या फरशीचं डिझाईन तेवढं आठवतं.

जुडगा हॉस्पिटलनं मंजूच्या सामानाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईला दिला. घड्याळ, पाकीट, गळ्यातली साखळी आणि चाव्या.

अकराव्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा भिंतीवर मंजूचा फोटो होता आणि फोटोखाली खिळ्याला तो जुडगा लटकत होता. त्याला जाईचा गजरा. अण्णा तो बघतच राहिले. सरोजक्का म्हणाली, "शेवटी त्याच्या हातात होत्या त्या. सोडवेना म्हणे मूठ." आणि कॉफी टाकायला आत गेली.

परत येताना अण्णा गल्लीच्या तोंडाशी थांबले. "तिला सांगायला पाहिजे."

"काय सांगायचं अण्णा?"

"चावी त्याच्या हातात होती आणि मशीन कपाटात होतं. वीस पावलांवर."

मी म्हटलं, "कशाला? पोरगं परत येणारे का? तिला अजून एक दुःख." हे मी तिच्यासाठी बोलत होतो की माझ्यासाठी, ते माझं मलाच ठाऊक. क्लबातल्या बाकीच्यांनी तर दटावलंच, उगाच पोलीस-बिलीस होईल, गप्प बसा. अध्यक्ष म्हणाले, कुलूप तोडू, नवीन लावू, विषय संपला. अण्णा म्हणाले, "अक्काला सांगितल्याशिवाय त्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही." आम्ही चार महिने आपापल्या घरून बॅटी आणून खेळलो.

आणि चार महिने अण्णा दर शनिवारी सरोजक्काकडे जायचे, सांगायला. मला बरोबर न्यायचे. जाताना ठरवून जायचे, "आज सांगतो." ती कॉफी द्यायची. अण्णा पेला तोंडाला लावायचे, फोटोकडे बघायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि उठायचे. आयुष्यभर जीभ तलवारीसारखी चालवलेला माणूस, तिच्या घरात त्याला एक वाक्य जुळेना. कमरेचा पट्टा रिकामा, पण निघताना हात तिथं जायचाच. बोटं हवेत मोजायची.

तिकडे तिचं वेगळंच चाललं होतं. अण्णांचा जुडगा सदऱ्याखाली असायचा, तिनं तो कधी पाहिला नव्हता. एका शनिवारी म्हणाली, "अण्णा, या कसल्या चाव्या हो? दुकानाच्या म्हणावं तर मालक नाही म्हणाला. घरातली सगळी कुलपं लावून बघितली, एकही लागत नाही." मग आवाज खाली करून, "त्यानं कुठं खोली-बिली घेतली होती का? कुणी मुलगी होती का? असेल तर असू दे हो. मी काही बोलणार नाही. पण चौदा कुलपं कशाची? मला माझा मुलगा माहीतच नव्हता असं वाटायला लागलंय." अण्णांच्या पेल्यातली कॉफी धोतरावर सांडली. धोतर झटकत ते उठले. बाहेर आल्यावर मला थांबवलं. "मी तिच्याकडून पोरगा दोनदा काढून घेतोय रे," म्हणाले.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ती शिलाई मशीन पुसत होती. म्हणाली, "उद्या या चाव्या पण पूजेत ठेवते. तुम्ही काय म्हणता?"

अण्णा म्हणाले, "त्या माझ्या आहेत, अक्का."

आणि मग सगळं सांगितलं. उभ्यानंच. कुठं आवाज चढला नाही, उतरला नाही. मशीन आलं, भिंतीवर लावा म्हणाले होते, मी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, फिट आली असं वाटलं, लोखंड म्हणून मी चाव्या दिल्या, कपाटाची चावी त्यातच होती, मला आठवलं तेव्हा ऑटो गेली होती. मी दाराशी उभा होतो. लोखंड म्हणून कोण ओरडलं ते अण्णांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

सरोजक्काच्या हातात पुसायचं फडकं होतं. तिनं ते घडी घालून ठेवलं. भिंतीवरचा जुडगा काढला, गजरा सोडवून फोटोला घातला.

"यातली कुठली?"

अण्णांनी लाल दोऱ्याची दाखवली.

"चला," म्हणाली आणि चपला घातल्या.

मैदान दहा मिनिटांवर. ती पुढे, आम्ही मागे. रस्त्यात केळीचे खुंट, झेंडूचे ढीग, कोहळे विकायला बसलेले. ती कुठंही बघत नव्हती. शेडमधल्या खोलीच्या दोन चाव्या अण्णांनी नुसत्या बोटानं दाखवल्या, कुलपं तिनंच काढली. कपाटाचं कुलूप चार महिने बंद, अडलं. अण्णांनी हात पुढे केला. "राहू दे," ती म्हणाली. दोन्ही हातांनी जोर लावून तिनंच उघडलं. आत ती लाल पेटी, वर दोन वर्षांचं कुंकू, सुकलेली माळ.

"हिरवा आहे," अण्णा म्हणाले. सवयीनं. म्हटल्यावर त्यांनी ओठ दाबून धरले.

"उघडा."

अण्णांनी ते झाकण कधीच उघडलं नव्हतं. कुणीच नव्हतं. त्यांनी पेटी खाली ठेवली, अंगठ्यानं खटका दाबला, झाकण वर केलं. आणि मशीन बोलायला लागलं.

खरंच सांगतो, मी दोन पावलं मागे सरलो. बाईचा आवाज, इंग्रजीतला, शांत, स्पष्ट. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की ते बोलतं.

"काय म्हणतंय?" सरोजक्कानं विचारलं.

अण्णा गुडघ्यावर बसले होते. ते एकेक वाक्य सांगायला लागले. "घाबरू नका म्हणतंय. मदत बोलवा म्हणतंय. छातीवरचा कपडा काढा... पाकीट फाडा, आतल्या पट्ट्या काढा... चित्रात दाखवलंय तशा उघड्या छातीवर चिकटवा."

"आणि मग?"

"मग पुढचं सांगेल. पट्ट्या चिकटवल्यावर."

"म्हणजे सगळं तेच सांगतं? आपलं आपण?"

"हो, अक्का."

आवाज परत परत तेच सांगत होता, पट्ट्या उघड्या छातीवर चिकटवा. "आता काय म्हणतंय?" तिनं विचारलं.

"तेच. वाट बघतंय."

सरोजक्कानं वाकून झाकण लावलं. आवाज बंद झाला. जुडगा पदराच्या टोकात बांधला आणि म्हणाली, "याला आता कुलूप लावू नका. चाव्या माझ्याकडे राहू देत." गेली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर अण्णा कदाचित अजून दहा वर्षं जगले असते. पुढच्या शनिवारी ते तिच्याकडे गेले नाहीत, तिनंही बोलावलं नाही.

त्यानंतर अण्णांनी एका नर्सला बोलावून आम्हा सगळ्यांना छाती दाबायला शिकवलं. पोत्यावर. स्वतः त्र्याहत्तराव्या वर्षी गुडघे टेकून शिकले. मशीन शेडच्या बाहेरच्या भिंतीवर आलं, उघड्यावर. आणि त्याच्या खाली एक प्लास्टिकची खुर्ची. सकाळी सहा वाजता पहिला माणूस मैदानात यायच्या आधी अण्णा त्या खुर्चीत. मॅच कधी बघायचे नाहीत. मी स्कोअर लिहिता लिहिता बघायचो, त्यांची नजर बॉलवर नाही, खेळणाऱ्यांच्या छातीवर असायची. कुणाला बॉल लागला की अर्धे उठायचे. तो हसला, धावला, की बसायचे.

मैदानावर मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एप्रिलमधल्या एका रविवारी. अवेळी पाऊस आला होता, मॅच रद्द. स्कोअरबुक राहिलं म्हणून मी परत गेलो तर मैदानात चिटपाखरू नाही, आणि अण्णा खुर्चीत, डोक्यावर छत्री. छत्री स्वतःवर कमी, भिंतीवरच्या पेटीवर जास्त.

"अण्णा, आज कोणी नाही. घरी चला."

"बंद कुठं करता येतंय? चाव्या अक्काकडे आहेत."

मी तिथं उभा राहिलो. भिजत होतो. काय झालं कुणास ठाऊक, दहा महिने दडवलेलं बाहेर पडलं. "अण्णा, त्या दिवशी लोखंड द्या म्हणून ओरडलो तो मी."

"माहितेय. दहा वर्षं स्कोर ओरडतोस. तुझा आवाज मी ओळखत नाही?"

"मग तिला सांगितलं का नाहीत?"

"तिनं चाव्या कुणाच्या ते विचारलं. ओरडलं कोण ते विचारलं नाही." त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. मोकळा झालेला हात कमरेला गेला, बोटं थोडी हलली आणि थांबली. "सरी. तू हो पुढे. भिजतोयस. मी आहे इथं."

मी पुढे झालो.